बॉम्बे टॉकीजची कारभारीण

(मंडळाच्या ‘कर्तबगार स्त्रिया’ या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या वर्षीच्या व्याख्यानमालेला ‘कर्तबगार स्त्रिया’ हा विषय ठरला, तेव्हा ज्याने त्याने पटापट नावे सांगितली. कोणी जिजाबाई घेतल्या, कोणी अहिल्याबाई, कोणी सावित्रीबाई फुले, कोणी आनंदीबाई जोशी. माझी पाळी येईपर्यंत सगळी मोठी नावे संपली होती. मी ‘देविकाराणी’ म्हटले मात्र, मागच्या ओळीत खसखस पिकली. एक बाई तर उघडच म्हणाल्या, “अहो, नटीवर कसले भाषण? आणि तेही त्या चुंबनवाल्या नटीवर!” मीही हसले. पण घरी गेल्यावर मनात आले, की बाईने पाच वर्षे एक मोठा कारखाना चालवला, तो कोणाच्या ध्यानात नाही, आणि एका चित्रातले एक दृश्य मात्र नव्वद वर्षे सगळ्यांच्या ध्यानात आहे. मग ठरवले, की बोलायचे ते याच बाईंवर. मी सातवीपर्यंत शिकलेली. वाचनालयातून आणलेली पुस्तके आणि मुलीने मोबाईलवर लावून दिलेली जुनी चित्रे, एवढ्या शिदोरीवर उभी आहे. चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

विषय परका वाटेल, पण तो आपल्या दाराशी आहे. मालाड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला ‘बॉम्बे टॉकीज’ म्हणा, तो काही न विचारता नेऊन सोडतो. आत सिनेमाचे नावही नाही. ओळीने गाळे, लेथ मशीनची घरघर, पत्र्याची कापाकापी, हातगाड्या, तेलाने काळी झालेली जमीन. माझे यजमान त्यातल्याच एका गाळ्यात पुष्कळ वर्षे कामाला होते. मुले लहान असताना मी रोज डबा पोचवायला जात असे. तेव्हा गाळ्यांच्या मधेच एक जुनी पडीक इमारत उभी होती. भिंतीतून पिंपळ उगवलेला, छप्पर गेलेले. मी एकदा यजमानांना विचारले, “हे काय होते हो?” ते म्हणाले, “पूर्वी इथे सिनेमा काढायचे. अशोककुमार, दिलीपकुमार सगळे इथलेच.” त्या दोघांच्या आधी इथे एका बाईची खुर्ची होती, हे मला पुस्तकातूनच कळले.

सिनेमाला कारखाना म्हणण्याची आपल्याला सवय आहे. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ सालचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडे नेसून ते काम केले. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्याच्या मागे होती. सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने काढून दिले, कंपनीच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक रांधला, आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडली. एवढे करून खुर्ची दादासाहेबांची. आणि त्या काळी त्यात कोणाला काही खटकलेही नाही. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आपल्या मालाडात तशी एक खुर्ची रिकामी झाली, आणि तिच्यावर बाई बसली.

देविकाराणींचा जन्म ३० मार्च १९०८ चा, वॉल्टेअरचा, म्हणजे विशाखापट्टणचा. वडील कर्नल चौधरी मद्रासचे सर्जन जनरल. रवींद्रनाथ ठाकुरांच्या घराण्याशी नाते. नऊ वर्षांची पोर असताना तिला विलायतेला शाळेत घातले, म्हणजे आपल्या हिशेबाने पाहिले तर आईच्या हाताची पोळी तिच्या वाट्याला फार दिवस आलीच नाही. लंडनला त्या नाट्यकला शिकल्या, कापडावरची नक्षीकामे शिकल्या. तिथेच हिमांशु राय हे बंगाली गृहस्थ भेटले. हे वकिलीसाठी गेलेले आणि नाटक-सिनेमाच्या नादाला लागलेले. १९२९ साली लग्न झाले. त्याच सुमारास ‘प्रपंच पाश’ नावाचे मूकचित्र निघत होते, त्याच्या सजावटीत बाईंनी हात लावला. मग नवराबायको जर्मनीला गेली. बर्लिनच्या उफा या मोठ्या स्टुडिओत त्यांनी हे काम कसे चालते ते जवळून पाहिले.

१९३३ साली ‘कर्मा’ हे चित्र आले. त्यात नायक म्हणजे स्वतः हिमांशु राय, आणि ते प्रसिद्ध चुंबन त्यातले. नवऱ्याचे चुंबन घेतले म्हणून एवढा गवगवा! मिनिटांचे हिशेब लोक अजून घालतात. मी हा विषय इथेच संपवते.

१९३४ साली या दोघांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. एफ. ई. दिनशॉ यांचा इथला बंगला आणि भोवतालचे आवार घेतले. त्या काळचे मालाड म्हणजे झाडी आणि वाड्या. इतर स्टुडिओ म्हणजे एका शेटजीचा पैसा आणि एका शेटजीचा हुकूम. ही मात्र लोकांना शेअर विकून उभी केलेली लिमिटेड कंपनी होती. डायरेक्टर मंडळात सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखी मातबर माणसे. जर्मनीहून कारागीर आणले. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेऱ्यावर योसेफ विर्शिंग, शिवाय नेपथ्याला आणि फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेला निराळी माणसे. हे लोक स्वतः काम करीत आणि शेजारी आपल्या मुलांना उभे करून शिकवीत. कंपनीने कॉलेजात शिकलेली मुले मुद्दाम निवडून घेतली. वाढत वाढत पगारी माणसे चारशेच्या घरात गेली. मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिथल्या उपाहारगृहाची. सगळ्या जातींची माणसे एका पंगतीला जेवत. नट-नटींनीही वेळ पडली तर जमीन पुसावी, असा तिथला रिवाज सांगतात. १९३० च्या पुढची ही गोष्ट आहे. त्या वेळी आपल्या आज्या सोवळ्यात स्वयंपाक करीत होत्या, हे लक्षात घ्या.

पहिले चित्र १९३५ चे ‘जवानी की हवा’. त्याच्या संगीताची एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. संगीताचे काम कंपनीने एका पारशी बाईला दिले. खुर्शीद मिनोचर-होमजी त्यांचे नाव. आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे, त्यांच्याकडे त्या शिकलेल्या. त्यांची बहीण माणेक हिनेही चित्रात काम केले. पारशी समाजात गहजब झाला. आपल्या मुलींनी सिनेमात जायचे म्हणजे काय! डायरेक्टर मंडळातही पारशी गृहस्थ होतेच. तेव्हा असा तोड काढला, की खुर्शीदची झाली सरस्वतीदेवी आणि माणेकची चंद्रप्रभा. मुलींची नावे बदलली, पण काम सुटले नाही. या सरस्वतीदेवींनी पुढे अशोककुमार आणि देविकाराणी, दोघांनाही गाणे शिकवून म्हणवून घेतले. त्या वेळी नट स्वतःच गात.

आता एक अवघड प्रकरण. ‘जीवन नैया’ चे काम चालू असताना देविकाराणी चित्राच्या नायकाबरोबर, नज्मुल हसन यांच्याबरोबर, निघून गेल्या. काही दिवसांनी परत आल्या. नायकाला कंपनीचे दार कायमचे बंद झाले, आणि त्याच्या जागी प्रयोगशाळेत काम करणारा एक बुजरा मुलगा उभा केला, तोच अशोककुमार. मला कोणी म्हणाले, हे भाषणात घालू नको. पण झाकून काय उपयोग? ज्यांना ठाऊक आहे त्या मनात म्हणतीलच. मला त्यात एवढेच दिसते, की त्या परत आल्यावर घरात कोंडून बसल्या नाहीत. त्याच लोकांत, त्याच कॅमेऱ्यासमोर, सगळ्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या, आणि १९३६ साली त्याच अशोककुमारबरोबर ‘अछूत कन्या’ केले.

‘अछूत कन्या’ मी मुलीच्या मोबाईलवर पाहिले. रेल्वेच्या फाटकावरच्या राखणदाराची अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा, यांची गोष्ट. खरे सांगायचे तर कोरलेल्या भुवयांची ती कस्तुरी फाटकावरची वाटत नाही. शेण तिने कधी हातात धरले नसावे. पण शेवटी आगगाडी थांबवायला ती रुळावर धावते, तेव्हा मी हातातले तांदूळ निवडायचे विसरले. आमच्या घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

हे झाले चांगले दिवस. ते मी भरभर सांगितले, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात लढाई पेटली. इंग्रज सरकारच्या दृष्टीने जर्मन माणूस म्हणजे शत्रू. ‘कंगन’ हे चित्र अर्धे झालेले असताना ऑस्टेनसाहेबांना पकडून नेले. विर्शिंगही छावणीत गेले, ते लढाई संपेपर्यंत. कंपनीचे हातच गेले म्हणायचे. पण जवळ उभे करून शिकवलेली मुले आता उपयोगी पडली. त्यांनी कॅमेरा धरला, त्यांनी चित्र पुरे केले, आणि ‘कंगन’ धोधो चालले. त्यात नायिका देविकाराणी नव्हेत, आपल्या लीला चिटणीस होत्या. हिमांशु राय मात्र या ओढाताणीत खचले. मे १९४० मध्ये ते वारले. देविकाराणी बत्तीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हते.

भगिनींनो, विधवा बाईला त्या काळी काय करायला सांगत, ते मी तुम्हाला काय सांगू? कोपरा धर, हे तोंडाने म्हणत नसत, पण सगळे घर तिला तो कोपरा दाखवीत असे. इथे तर पाठीमागे चारशे माणसांचा पगार, शेअर घेतलेले लोक, बँकेची देणी, अर्धवट चित्रे. आणि स्टुडिओत मोठमोठे पुरुष होते. शशधर मुखर्जी होते. हे अशोककुमारचे मेव्हणे, हिशेबी आणि हुशार निर्माते. जनरल मॅनेजर रायबहादूर चुनीलाल होते. यांच्यापैकी कोणी खुर्ची घेतली असती तर जगाला ते रीतसरच वाटले असते. पण बाई बसल्या. सगळ्या चित्रनिर्मितीची मुखत्यारी त्यांच्याकडे आली. कोणते चित्र काढायचे, कोणी काढायचे, कोणाला घ्यायचे, हे आता त्या ठरवणार.

इथे थोडे विषयांतर करते. आपल्यातल्याच एका भगिनीची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. तिच्या यजमानांचा स्वतःचा गाळा होता, साचे करण्याचा. आठ कामगार. दिवसभर यजमान मशीनवर, आणि रात्री जेवणे झाली की ही वही घेऊन बसायची. कोणाची बिले राहिली, कोणत्या पार्टीची उधारी किती, कोणत्या कामगाराने उचल घेतली, सगळे हिच्या तोंडपाठ. यजमान एकाएकी गेले. तेरावा होतो न होतो तोच दीर कागद घेऊन आले. “वहिनी, तुम्ही फक्त सही करा. मग तुम्हाला काही बघायला नको.” तिने सही केली. महिन्याला काही रक्कम द्यायचे ठरले; ती एखादे वेळी येते, एखादे वेळी राहते. वही अजून तिच्या कपाटात आहे.

हे मला देविकाराणींचे पुस्तक वाचताना आठवले, म्हणून सांगितले. आता मूळ गोष्टीकडे येते.

खुर्चीवर बसणे एक, कारभार करणे दुसरे. बाईंनी घडी अशी बसवली, की स्टुडिओत दोन गट पाळीपाळीने चित्रे काढतील. एका गटाचे पुढारी शशधर मुखर्जी, दुसऱ्याचे अमिय चक्रवर्ती. एका घरात दोन सुना असल्या की एकीने सकाळची चूल सांभाळावी, दुसरीने संध्याकाळची, तसेच हे. स्पर्धा होती, पण त्यामुळे चित्रे चांगली निघाली. १९४१ साली ‘नया संसार’ आणि ‘झूला’, १९४२ साली ‘बसंत’. या ‘बसंत’ मध्ये एक आठ-नऊ वर्षांची पोरगी आहे, बेबी मुमताज. तीच पुढे मधुबाला झाली.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती अशी. खुर्चीवर बसल्यापासून बाई पडद्यावर जवळजवळ दिसेनाशा झाल्या. १९४१ चे ‘अनजान’ आणि १९४३ चे ‘हमारी बात’, संपले. देशातली पहिल्या क्रमांकाची नटी, हातात स्वतःची कंपनी, मनात आणले असते तर प्रत्येक चित्रात स्वतःच नायिका झाल्या असत्या. कोण अडवणार होते? पण नायिका म्हणून लीला चिटणीस, मुमताज शांती अशा दुसऱ्याच बाया पुढे आल्या. ज्या घरात सासू स्वयंपाकघराचा ताबा सुखासुखी सोडत नाही, त्या घरातल्या सुनांना हे किती अवघड आहे ते कळेल.

शिवाय लढाईचे दिवस. रॉकेल, साखर, कापड यांचे रेशनिंग झाले, तसे कोऱ्या फिल्मचेही झाले. फिल्म सगळी परदेशातून यायची. सरकार परवान्याने मोजून देई, आणि चित्र अकरा हजार फुटांहून लांब काढायचे नाही असा नियम झाला. मोजूनमापून पीठ मिळाले की पोळ्या लहान कराव्या लागतात, हे आपल्याला माहीत आहे. पण इथे एक दृश्य फसले की गेलेली फिल्म परत मिळायची नाही. म्हणून कॅमेरा सुरू करण्यापूर्वी तालीम पक्की करून घेण्यावर बॉम्बे टॉकीजचा जो कटाक्ष होता, तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

१९४३ साली ‘किस्मत’ आले. मुखर्जींच्या गटाचे. नायक खिसेकापू, आणि एक मुलगी लग्नाआधी गरोदर. त्या काळी हे धाडसच. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात ते एकाच पडद्यावर तीन वर्षांहून जास्त चालले. असे यश बॉम्बे टॉकीजने पूर्वी पाहिले नव्हते. आणि त्याच वर्षी घर फुटले. मुखर्जी, चुनीलाल, अशोककुमार, ‘किस्मत’ चे दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी अशी सगळी मंडळी बाहेर पडली, आणि शेजारीच गोरेगावला त्यांनी ‘फिल्मिस्तान’ उभारली. चूक कोणाची? मी दोन्ही बाजूंचे वाचले. बाईंच्या हाती कारभार आणि मुखर्जींच्या हाती कमाई, असे झाले होते. फार दिवस निभणारे नव्हते. बाईंचा स्वभावही कडक असावा. त्यांनी थोडे नमते घेतले असते तर, असे मला एखादे वेळी वाटते. पण पुरुष कडक वागला तर त्याला करारी म्हणतात, हेही वाटते.

कमावती माणसे गेली, मोठा नायक गेला. आता बाईंना नवा चेहरा हवा होता. ती हकीकत दिलीपकुमारांनी स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि मला ती तोंडपाठ आहे. ती या फुटीच्या आधीची, १९४२ सालची. फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा यूसुफ खान नोकरीधंद्याच्या शोधात निघालेला. चर्चगेट स्टेशनवर ओळखीचे डॉ. मसानी भेटले. ते मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये निघाले होते. म्हणाले, “चल माझ्याबरोबर, काम असेल तर बघू.” मुलाने स्टुडिओ कधी पाहिलेला नव्हता. बाईंनी चहा दिला. विचारले, उर्दू येते का? येते. सिगारेट ओढतोस का? नाही. नट होशील का? आणि महिना साडेबाराशे रुपये सांगितले! मुलगा घरी आला तर भावाचा विश्वासच बसेना. राज कपूरला तेव्हा तिथे एकशे सत्तर मिळत होते. तेव्हा घरच्यांनी ठरवले, साडेबाराशे वर्षाचे असणार. डॉक्टरांकडून पुन्हा विचारून घेतले, तेव्हा महिन्याचेच निघाले. दिलीपकुमार हे नावही बाईंनीच सुचवले, असे ते लिहितात. वडिलांना सिनेमा नापसंत, त्यामुळे नाव झाकलेले बरेच होते.

पहिले चित्र ‘ज्वार भाटा’, १९४४ चे, पडले. टीकाकारांनी मुलाला नावे ठेवली. पण बाईंनी ज्याला निवडले तो पुढे कोण झाला, ते मी मालाडकरांना सांगायला नको. चहाच्या एका पेल्याइतक्या वेळात माणूस ओळखणे, हे कसब कोणत्या शाळेत शिकवतात ते मला माहीत नाही. सून बघायला गेलो तर आपण चार वेळा जातो आणि तरी चुकतो.

१९४५ साली बाईंनी आपले शेअर विकले, आणि कंपनी सोडली. त्याच वर्षी रशियन चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि सिनेमाकडे पाठ फिरवली ती फिरवली. वय सदतीस. यावरून तुमच्यापैकी काहींनी माझ्याशी वाद घातला. “शेवटी गेलीच ना सोडून! अहिल्याबाईंनी राज्य सोडले का?” मला याचे उत्तर सोपे वाटत नाही. २०२० साली किश्वर देसाई यांचे देविकाराणींवर एक मोठे इंग्रजी पुस्तक निघाले. माझ्या मुलीने त्यातले मला वाचून, सांगून समजावले. बाईंनी रोरिक यांना लिहिलेल्या पत्रांवरून त्यात दिसते, की पहिल्या संसारात त्यांना सुख नव्हते. मारहाणही सोसावी लागली होती. हे ऐकल्यावर मी दोन दिवस भाषणाच्या वहीला हात लावला नाही. ज्या माणसाच्या हातचा मार खाल्ला, त्याचा कारखाना त्याच्या मागे पाच वर्षे चालवला, लढाईत चालवला, माणसे फुटली तरी चालवला. मग एक दिवस विकून, उठून, मनासारख्या माणसाबरोबर निघून गेल्या. यात पळून जाण्यासारखे काय आहे, ते मला कोणी दाखवावे.

त्यांच्या मागे कारखान्याचे काय झाले? पुढे अशोककुमार आणि ध्वनीचे काम पाहणारे सावक वाच्छा यांनी कंपनी हाती घेतली. ‘जिद्दी’ आले, १९४९ साली ‘महल’ आले. त्यात मधुबाला, आणि कॅमेऱ्यावर छावणीतून सुटून आलेले विर्शिंग. पण कर्ज वाढत गेले. शेवटी १९५४ साली कामगारांनीच सहकारी संस्था करून ‘बादबान’ हे चित्र काढले, आणि नटांनी त्यांना हात दिला. तरी चूल पेटती राहिली नाही. जागा विकली गेली, गाळे झाले. आमच्या घरची पोळी त्या गाळ्यावर निघाली, हेही खरे.

बाई पुढे बंगलोरजवळ मोठ्या इस्टेटीत राहिल्या. तिथे सुगंधी तेलाच्या झाडांची लागवड होती. १९५८ साली ‘पद्मश्री’ मिळाली. सरकारने दादासाहेब फाळक्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला, तेव्हा १९६९ सालचा पहिला पुरस्कार देविकाराणींना दिला. ज्या फाळक्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पहिला मान बाईला. १९९४ च्या मार्चमध्ये त्या वारल्या. रोरिकसाहेब त्याच्या आदल्या वर्षी. इस्टेटीवरून मग पुष्कळ वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि अखेर ती कर्नाटक सरकारकडे गेली.

हे भाषण मी आधी त्या गाळेवाल्या भगिनीला वाचून दाखवले होते, कारण त्यात तिची गोष्ट आहे. ती सगळे शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारले, “ते शेअर तिच्या स्वतःच्या नावावर होते का ग?” मी म्हटले, “विकले म्हणजे असणारच.” ती म्हणाली, “मग बसली त्यात नवल नाही. माझा गाळा ह्यांच्या एकट्याच्या नावावर होता. वही तेवढी माझ्या हातची.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मंडळात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वकीलबाई येतात, त्यांच्याकडे ती वही घेऊन जायचे आम्ही दोघींनी ठरवले आहे. आणखी कोणाला यायचे असेल तर त्यांनी चहाच्या वेळी मला सांगावे.